मूल अडते तेव्हा

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्या युनियनच्या कचेरीत यंत्रमागावर काम करणारा एक सहकारी येऊन बसला. रात्रपाळीला अजून तास-दीड तास अवकाश होता. बोनसचे किंवा खाड्याचे काही गाऱ्हाणे असेल असे समजून आम्ही वही पुढे ओढली. पण त्याने प्रश्न घातला तो निराळाच. त्याची मुलगी चार वर्षांची. जून महिन्यात त्याने तिला जवळच्या एका खाजगी बालशाळेत घातले होते. इंग्रजी नावाची पाटी, रंगवलेल्या भिंती, मुलांच्या गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, आणि फी त्याच्या पगाराच्या मानाने चांगलीच जड. पहिले पंधरा दिवस पोर रडली. मग रडायची थांबली. तिघाचौघांत सगळ्यांना हायसे वाटले. परंतु घरी दिवसभर बडबडणारी ही मुलगी शाळेत तोंडातून अक्षर काढत नाही, डबा न उघडता परत आणते, आणि रात्री झोपेत दचकते, असे हळूहळू ध्यानात आले.

“बाई म्हणतात, तुमची मुलगी मागे पडते, दुसरीकडे बघा,” तो म्हणाला. “आई म्हणते, आमची पोरं काय रडली नाहीत? होईल सवय. आणि घरातली म्हणते, उद्यापासून पाठवायचीच नाही. दादा, तुम्ही सांगा. शाळा बदलू का?”

आम्ही तीस वर्षे कामगारांत काढली आहेत. ज्याच्या हातात हातोडी त्याला सगळीकडे खिळेच दिसतात, तसे आमचे झाले. आम्ही विचार न करता उत्तर देऊन टाकले, “पळू नकोस. एका कामगाराने काम सोडले तर मालकाचे काय बिघडते? दुसरा तयार असतो. आणखी पालक गोळा कर आणि जाब विचार.” तो “बरं दादा” म्हणून उठला आणि पाळीला गेला. त्याच्या त्या ‘बरं’मध्ये पटल्याची खूण नव्हती. मोठ्या माणसासमोर बोलता येत नाही म्हणून म्हटलेले ते ‘बरं’ होते. अशी ‘बरं’ आम्ही मालकांच्या केबिनमध्ये कामगारांच्या तोंडून पुष्कळ ऐकली आहेत; ते आपल्यालाही कोणी म्हणेल असे वाटले नव्हते.

पुढे या व्याख्यानमालेचे आमंत्रण आले आणि इतिहासातला एखादा विषय घ्या असे चालकांनी सुचवले, तेव्हा आम्ही ठरवले की याच प्रश्नाचा इतिहास पाहू. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सर्व वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा विद्वानांची शिस्त आमच्या मांडणीत नसेल. पण ज्या मुलांसाठी बालशाळा प्रथम निघाल्या ती मुले आमच्याच माणसांची होती, एवढ्या नात्याने बोलण्याचा हक्क आम्ही घेत आहोत.

पहिली गोष्ट एका सूतगिरणीतलीच आहे. स्कॉटलंडमध्ये न्यू लॅनार्क या गावी रॉबर्ट ओवेन हा गिरणीचा भागीदार आणि व्यवस्थापक होता. त्याने १ जानेवारी १८१६ रोजी गिरणीच्या वसाहतीत एक संस्था उघडली आणि तिच्यात चालता येऊ लागलेल्या बाळांपासून मुले घेतली. आया कामावर मोकळेपणाने जाव्यात हा हिशेब त्यात होता, हे विसरू नये. मालक तो मालकच. पण या शाळेसाठी त्याने शिक्षक निवडला तो पाहण्यासारखा आहे. जेम्स बुकॅनन नावाचा एक साधा विणकर त्याने घेतला आणि त्याच्या मदतीला मॉली यंग ही गिरणीतली सतरा वर्षांची मुलगी दिली. ओवेनचा हुकूम एवढाच की कोणत्याही मुलाला मारावयाचे नाही, धमकावयाचे नाही, आणि नेहमी गोड शब्दांत बोलावयाचे. पुस्तकांचा त्रास मुलांना नको. खेळावे, नाचावे, आसपासच्या वस्तू पाहून विचारावे. विणकर मनाने प्रेमळ होता, आणि मुले त्याच्यामागून आनंदाने फिरत.

या शाळेची कीर्ती लंडनपर्यंत गेली. तिथल्या मोठ्या मंडळींनी तशीच शाळा काढण्याचे ठरवून ओवेनकडून हाच बुकॅनन मागून घेतला. पुढे एकदा ओवेन लंडनला गेला असता सहज ती शाळा पाहावयास गेला, आणि त्याला काय दिसले? बुकॅननची बायको हातात चाबूक घेऊन मुलांना दरडावीत होती, आणि नवरा बाजूला गप्प उभा होता. ओवेनने आत्मचरित्रात हे लिहून ठेवले आहे. माणूस तोच, पद्धतीचे नाव तेच. पण वर ओवेन नव्हता आणि वेळीअवेळी आत डोकावणारे कोणी नव्हते. आमच्या मते शाळा निवडणाऱ्या प्रत्येक पालकाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पाटीवर ‘मॉंटेसरी’ लिहिलेले आहे की आणखी काही, त्यावरून आत चाबूक आहे की नाही हे कळत नाही.

मॉंटेसरीबाईंचे नाव निघाले म्हणून रोमकडे वळू. फ्रोबेलला मधे वगळतो, त्याबद्दल जाणकारांनी क्षमा करावी. रोमच्या सान लोरेन्झो या कामकऱ्यांच्या वस्तीत एका घरबांधणी कंपनीने चाळी दुरुस्त करून भाड्याने दिल्या होत्या. आईबाप दिवसभर कामावर जात, आणि तीन ते सहा वर्षांची पोरे जिने आणि भिंती खराब करीत. चुन्या-रंगाचा खर्च वाचावा म्हणून कंपनीने मुलांना एका खोलीत सांभाळण्याची सोय करावयाची ठरवली, आणि हे काम मारिया मॉंटेसरी या डॉक्टर बाईंकडे दिले. ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांचे पहिले ‘बालगृह’ उघडले. ज्या पद्धतीची फी आज गोरगरिबांना परवडत नाही, तिचा जन्म भाडेकरूंच्या भिंती वाचवण्यासाठी झाला, ही गंमत नोंदण्यासारखी आहे.

बाईंनी आपल्या ग्रंथात शाळेच्या बाकांविषयी जे लिहिले आहे ते वाचताना आम्ही पुस्तक खाली ठेवून हसलो, आणि मग हसू थांबले. त्या काळी बाकावर तासन्‌तास बसून मुलांचे कणे वाकत. त्यावर तज्ज्ञांनी उपाय काय काढला, तर शास्त्रोक्त मापाचे नवे बाक. कोणी मुलांना कंबरपट्टे बांधावे असेही सुचवले. बाई विचारतात, ज्या कामगाराला ओझ्याने अंतर्गळ होतो त्याला पट्टा बांधून पुन्हा तेच ओझे द्यावयाचे, की ओझे कमी करावयाचे? कामगार तर आपली परिस्थिती बदलण्यासाठी झगडतो आहे. मुलासाठी कोण झगडणार? त्यांनी बाक काढून टाकले आणि मुलाला स्वतः उचलता येतील अशा हलक्या खुर्च्या व छोटी टेबले करून घेतली. ‘मागे पडते’ म्हणून ज्या मुलीला दुसरीकडे पाठवावयास निघाले होते, तिच्या पाठीचा विचार करण्याआधी बाकाचा विचार करावा, हे आम्हांस एका डॉक्टरबाईने शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवले होते.

त्याच बालगृहांविषयी आणखी एक बारीक गोष्ट. उद्घाटनाच्या भाषणात बाईंनी चाळीतल्या आयांना सांगितले होते की ही शाळा तुमच्या घराचाच भाग आहे. दिवसाच्या कोणत्याही वेळी येऊन आत काय चालले आहे ते पाहण्यास तुम्ही मोकळ्या आहात. धुणीभांडी करणाऱ्या, नावही लिहिता न येणाऱ्या बायांना हे सांगितले. आमच्या सहकाऱ्याला मात्र फाटकाच्या आत पाऊल टाकण्याची परवानगी नव्हती. मुलीला सकाळी फाटकावर सोपवावयाचे, दुपारी फाटकावरून घ्यावयाचे.

आता त्या रडणे थांबण्याविषयी. या बाबतीत आम्हांस ज्याने शिकवले तो मनुष्य आमच्यासारखाच कामगार होता, म्हणून त्याच्याविषयी थोडे सविस्तर बोलतो. जेम्स रॉबर्टसन हा ग्लासगोजवळच्या कामगार घरात १९११ साली जन्मला, चौदाव्या वर्षी शाळा सोडून पोलादाच्या कारखान्यात लागला. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉंब पडत असताना ॲना फ्रॉइड यांनी आईबापांपासून दुरावलेल्या मुलांसाठी हॅम्पस्टेड येथे बालगृहे चालवली. तेथे रॉबर्टसन बॉयलर पेटवण्याच्या आणि किरकोळ दुरुस्त्यांच्या कामावर होता. या संस्थेत एक नियम असा की डॉक्टरपासून बॉयलरवाल्यापर्यंत प्रत्येकाने मुलांविषयी आपल्याला जे दिसले ते चिठ्ठीवर लिहून द्यावयाचे. ज्याला कोणी कधी मत विचारले नव्हते त्याच्या हातात कागद आला, आणि तो पाहू लागला.

पुढे तो जॉन बोल्बी या मनोवैद्याबरोबर काम करू लागला आणि इस्पितळांतल्या लहान मुलांकडे वळला. त्या काळी इंग्लंडमधल्या पुष्कळ इस्पितळांत आईबापांना मुलाला भेटावयास अगदी थोडा वेळ मिळे. काही ठिकाणी आठवड्यातून एकदा. कारण असे देत की आई आली की मूल रडते, आणि ती गेली की आणखी रडते. त्यापेक्षा ती न आलेली बरी, मूल दोन-चार दिवसांत ‘रुळते’. रॉबर्टसनला दिसले ते असे की मूल प्रथम रडून विरोध करते; मग आशा सोडून गप्प होते; आणि त्याहूनही पुढे गेले तर आई आली तरी तिच्याकडे पाहीनासे होते. परिचारिका ज्याला रुळणे म्हणत होत्या ते रुळणे नव्हते. ती हार होती.

डॉक्टरांना हे पटेना. बॉयलरवाल्याचे कोण ऐकणार? तेव्हा त्याने हातात धरण्याचा एक कॅमेरा घेतला आणि सुमारे अडीच वर्षांच्या एका मुलीचे इस्पितळातले आठ दिवस, रोज ठरलेल्या वेळी, चित्रित केले. १९५२ साली तो चित्रपट लंडनच्या डॉक्टरांपुढे दाखवला तेव्हा पुष्कळजण संतापले. मुलगी मुद्दाम निवडली आहे, असे आरोप झाले. पण चित्र बोलत होते. १९५९ साली सरकारी समितीने शिफारस केली की मुलांच्या आईबापांना भेटीची मोकळीक असावी. शिफारशीवर इस्पितळे ढिम्म राहिली, तेव्हा १९६१ साली लंडनमधल्या काही आयांनी संघटना बांधली आणि एकेका इस्पितळाचे दार ठोठावले. पुढे दारे उघडली.

हे वाचून आम्ही उठलो आणि त्या सहकाऱ्याच्या घरी गेलो. ‘रडायची थांबली’ हे त्याने चांगले लक्षण म्हणून सांगितले होते आणि आम्हीही तसेच ऐकून घेतले होते. सुरुवातीच्या दिवसांत मूल रडते, फाटकाशी पायाला मिठी मारते, आणि तासाभराने खेळू लागते, घरी येऊन गाणी म्हणते. अशा मुलाला घाईने काढू नये, ते खरोखर रुळत असते. आपल्या म्हाताऱ्या आया म्हणतात त्यात याच अनुभवाचे शहाणपण आहे. परंतु जे मूल रडणे थांबवून जेवणही थांबवते, त्याच्या गप्प होण्यावर समाधान मानू नये. आम्ही त्याला सांगितले की कसेही करून आत जा आणि अर्धा तास बस. काही बोलू नकोस, नुसते पाहा.

तो आत कसा गेला ते पुढे सांगू. त्याआधी आपल्या मुलुखातली गोष्ट सांगितली पाहिजे, कारण खरे उत्तर आम्हांस तिथे सापडले.

गिजुभाई बधेका हे काठेवाडातले वकील. १९१३ साली त्यांना मुलगा झाला आणि या मुलाला शिकवावयाचे कोठे, या काळजीतून ते मॉंटेसरीच्या पुस्तकांपर्यंत पोचले. त्यांच्या आठवणीतली शाळा म्हणजे छडी. वकिली सोडून ते १९१६ साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले, आणि १९२० साली तिथे बालमंदिर निघाले. म्हणजे आमच्या सहकाऱ्याला पडला तोच प्रश्न एका बापाला पडला होता; त्याला बदलून घ्यावयास दुसरी शाळा नव्हती, म्हणून त्याने काढली. प्रत्येक बापाला हे साधणार नाही, हे उघड आहे. वकिलीतली पुंजी आणि पाठीशी संस्था असेल तर साधते. पण याच गिजुभाईंनी ‘दिवास्वप्न’ लिहिले, त्यातला लक्ष्मीराम मास्तर नवी शाळा काढीत नाही. तो अधिकाऱ्याकडून चालू शाळेतलाच चौथीचा वर्ग मागून घेतो आणि त्याच भिंतींत, त्याच मुलांबरोबर वर्षभर झगडतो. गोष्ट कल्पित आहे. पण आपल्या बालमंदिराच्या अंगणातून बाहेर उरलेल्या हजारो मुलांचे काय, हा प्रश्न गिजुभाईंना सोडीत नव्हता एवढे तिच्यावरून दिसते.

तो प्रश्न पुढे नेला तो ताराबाई मोडकांनी. ताराबाई पदवीधर, राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या मुख्याध्यापिका. ती मानाची जागा सोडून त्या भावनगरला गिजुभाईंकडे आल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, ‘शिक्षणपत्रिका’ निघाली. पुढे मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार काढला. तो चांगला चालला, मध्यमवर्गातली मुले आनंदाने येऊ लागली. इथेच थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते. पण १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी गेल्या. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि सहा महिन्यांच्या आत कपाळी वैधव्य आले. त्यातून शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या.

बोर्डीला बालवाडी सुरू झाली. गावातली खाऊनपिऊन सुखी घरची मुले आली. त्या काळी जिला हरिजनवाडा म्हणत त्या वस्तीतली मुले मात्र येईनात. आई मजुरीला जाते, मुलाला आंघोळ घालून, कपडे चढवून गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचवणार कोण? आणि पोचवले तरी तिथे शेजारी कोण बसू देणार, ही भीती शतकांची होती. अशा वेळी शाळाचालक काय म्हणतात ते आपण सारे जाणतो. दार उघडे आहे. ज्यांना यावयाचे ते येतील. जे येत नाहीत त्यांना शिक्षणाची गोडी नाही. ताराबाईंनी उलट केले. शिक्षिका वस्तीत गेली, कोणाच्या तरी घरासमोरचे अंगण झाडून घेतले, आणि त्या अंगणातच बालवाडी भरली. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. मुलांची नाकेडोळे धुणे, केस विंचरणे, गाणे, गोष्ट, हे सर्व तिथेच. मॉंटेसरीची किमती लाकडी साधने कोठून आणणार? शिंपले, खडे, पाने, बिया मोजावयास घेतल्या. आयांना कामे करता करता आपले मूल काय करते ते दिसे. रोमच्या बाईंनी भाषणात सांगितलेली ती मोकळीक इथे आपोआप मिळाली, कारण अंगणाला फाटकच नव्हते.

१९५७च्या सुमारास काम कोसबादच्या टेकडीवर गेले. तिथे वारली मुले. येथेही मुले शाळेत टिकेनात, पण कारण वेगळे होते: सहा-सात वर्षांचे पोर गुरे राखते, आणि त्याहून मोठी पोर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन असते. तेव्हा गुरांमागे जाऊन कुरणशाळा भरवली, आणि एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा जोडून विकासवाडी केली, म्हणजे ताईने धाकट्याला पाळण्यात ठेवावे आणि शेजारी शिकावे. मूल अडले तिथे शाळा बदलली. पण मुलाने शाळा बदलली असे नव्हे. शाळेनेच आपली जागा बदलली, वेळ बदलली, साहित्य बदलले.

आमच्यासारख्या माणसाला आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ज्या १९४५ साली ताराबाई बोर्डीला आल्या, त्याच साली त्याच टापूत, उंबरगाव-डहाणूच्या जंगलात, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध बंड केले. आईबाप सावकाराची फुकट चाकरी करीत असतील तर मुलाच्या हातची गुरांची दोरी सुटणार कशी? दोन्ही कामे एकमेकांना पुरी पडणारी होती, असे आम्हांस वाटते. त्या दोन्ही बायांचे एकमेकींविषयी काय मत होते ते राहू द्या.

अंगणवाडी हा शब्द २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू केली तेव्हा देशभर गेला. आज तो इतका घरचा झाला आहे की तो बोर्डीच्या एका वस्तीत जन्मला हे कोणाला आठवत नाही. पुढे त्या अंगणाची दशा काय झाली तेही आम्ही जवळून पाहिले आहे. आम्ही सेविका आणि मदतनिसांची संघटना बांधण्याचे काम करतो. एका सेविकेने मुलांना शिकवावयाचे, आहार शिजवून घ्यावयाचा, गरोदर बायांच्या नोंदी ठेवावयाच्या, वजने घ्यावयाची, मोबाईलवर माहिती भरावयाची. आणि एवढे करून ती कर्मचारी नव्हे, मानधनावरची ‘स्वयंसेविका’. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावे लागले. ४ डिसेंबर २०२३ रोजी महाराष्ट्रातल्या अंगणवाड्यांना कुलपे लागली, ती २०२४च्या जानेवारीतच निघाली. आम्ही त्या संपात होतो, आणि संप न्याय्य होता असेच आजही म्हणतो.

परंतु त्या थंडीत एका वस्तीत बंद अंगणवाडीच्या पायरीवर तीन पोरे रिकाम्या ताटल्या घेऊन बसलेली आम्ही पाहिली. कोणी सांगितले नव्हते त्यांना, संप म्हणजे काय ते. तेव्हा आम्हांस आमचेच बारावे वर्ष आठवले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणीसंप सुरू झाला, तेव्हा वडील गिरणीत होते. महिने लोटले, घरात काही उरले नाही, आणि इतर शेकडो घरांप्रमाणे आम्हांला गावी धाडण्यात आले. गावच्या शाळेत आम्ही कोणीच नव्हतो. बोलणे वेगळे, पुस्तके नाहीत. सातवी कशीबशी झाली आणि शाळा सुटली ती सुटली. वडिलांना आम्ही कधी दोष दिला नाही. पण मोठ्यांच्या लढ्याची किंमत मुलाने दिली, हे काही खोटे नाही. आणि ती देतो आहोत का, असे त्याला कोणी विचारले नव्हते.

यावरून त्या संध्याकाळच्या आमच्या उत्तरातली चूक ध्यानात येईल. कामगाराला आम्ही म्हणतो, काम सोडू नकोस, राहून लढ. कारण तो सज्ञान आहे, लढ्यात तो स्वतःच्या मर्जीने उतरतो, आणि जिंकला तर फळ त्यालाच मिळते. चार वर्षांच्या मुलीला धरणे धरावयास बसवता येत नाही. शाळा सुधारावयास दोन वर्षे लागतील. तिचे चौथे आणि पाचवे वर्ष तोवर निघून जाईल. उलट, प्रत्येक बापाने आपापले मूल गुपचूप काढून नेले, तर ज्याला कळले तोच निघून जातो, आणि ज्यांना कळले नाही वा फी भरून दुसरीकडे जाण्याची ऐपत नाही त्यांची पोरे तिथेच राहतात. हा पेच आम्हांस पुष्कळ दिवस सुटत नव्हता. आजही पुरता सुटला आहे असे म्हणवत नाही.

आता तो आत कसा गेला ते. पाण्याच्या टाकीची गळती काढणारा एक गडी त्याच्या ओळखीचा होता. त्याच्याबरोबर पाने-पक्कड घेऊन तो एका सकाळी शाळेत शिरला. वर्गाच्या खिडकीबाहेर त्याने अर्धा तास काढला. मारणे नव्हते, ओरडणेही फारसे नव्हते. बाईही तशी दुष्ट नव्हती. पगार किती मिळतो ते आम्हांस नंतर कळले, आणि पस्तीस मुले एकटीच्या गळ्यात. पण वर्गात इंग्रजीखेरीज बोललेले चालत नव्हते. कोणी आपल्या भाषेत तोंड उघडले की त्याला भिंतीकडे तोंड करून उभे करीत. त्याची मुलगी उभी नव्हती. उभे राहावे लागू नये म्हणून ती बोलतच नव्हती. तहान लागली हे सांगावयाचे म्हणजेही इंग्रजीत; ते तिला येत नव्हते; आणि डबा उघडला की पाणी लागते, म्हणून ती डबा उघडत नव्हती. हे त्याला घरी तिनेच सांगितले, बापाने विचारण्याची रीत बदलली तेव्हा.

दुसऱ्या दिवसापासून त्याने तिला पाठवले नाही. त्याच्या गल्लीच्या टोकाला अंगणवाडी आहे. तिथली सेविका आमच्या संघटनेतली, कामाच्या ओझ्याने वाकलेली बाई. तिने मुलीला काही विचारले नाही. मुलगी आठवडाभर दारात बसून राहिली, आत आलीच नाही. बाईनेही ओढले नाही. एके दिवशी मोजावयाच्या चिंचोक्यांची वाटी उपडी झाली ती उचलावयास म्हणून आत आली आणि तिथेच बसली. तिथे इंग्रजी नाही याची तिच्या बापाला अजून रुखरुख आहे. “पुढं मागं पडंल का दादा?” असे तो विचारतो. पुढचे पुढे बघू, पण आज तरी पोर बोलते आहे, एवढेच आम्ही त्याला सांगतो.

आणि दिवाळीनंतर तो दुसऱ्यांदा कचेरीत आला तेव्हा एकटा नव्हता. बरोबर त्या शाळेतल्या मुलांचे पाच बाप आणि दोन आया होत्या. त्याचे स्वतःचे मूल आता तिथे नव्हते. तरी अर्जावर पहिली सही त्याने केली. मागण्या आम्ही लिहून दिल्या नाहीत, त्यांनीच सांगितल्या: मूल कोणत्या भाषेत बोलले म्हणून त्याला उभे करू नये, पाणी मागावयास इंग्रजीची अट नसावी, आणि आठवड्यातून एक दिवस आईबापांना वर्गात बसू द्यावे. चालकांनी पहिल्या दोन ऐकून घेतल्या. फाटकाचे बोलणे अजून चालू आहे.